घाटात गाडी का तापते?

प्रश्न : माझी जुनी डिझेल बोलेरो सपाटीला नीट चालते, पण उन्हाळ्यात मांजरसुंब्याचा घाट चढताना काटा वर जातो. रेडिएटर बदलू का? (एक वाचक, केज, जि. बीड)

उत्तर : दादा, रेडिएटरला एवढ्यात हात लावू नका. सपाटीला वेगामुळे वारा आपसूक मिळतो, घाटात सगळी भिस्त फॅनवर. माझा पहिला संशय फॅनच्या व्हिस्कस क्लचवर, म्हणजे आतल्या घट्ट ऑइलच्या जोरावर फॅनला इंजिनसोबत फिरवणाऱ्या भागावर आहे. सकाळी इंजिन गार आणि बंद असताना फॅन हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. गरागरा फिरतच राहिला तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलं समजा. क्लचच्या तोंडाशी गोल गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेने ती वळते आणि आत ऑइलची वाट उघडते, मग फॅन जोर धरतो. तिच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे काळे, तेलकट ओघळ दिसले तर गळती नक्की. आपल्याकडच्या धुळीत ते लपत नाहीत. पातं पुढेमागे हलवूनही बघा, खडखडलं तर बेअरिंग गेलं.

क्लच कायमचा जाम करून फॅन सतत इंजिनसोबत फिरता करून देतो म्हणणारे भेटतील. अजिबात करू नका. डिझेल जास्त जाईल आणि वॉटर पंपवर नाहक ताण येईल. क्लच नवाच टाका. खोलण्याआधी नटाचे आटे उलटे आहेत का, ते बघा. आणि नवा क्लच बसवेपर्यंत उभाच ठेवा, आडवा टाकू नका.