विहिरीचं पाणी गढूळ येतंय? दुकानात जायच्या आधी वाचा

दिंडोरीकडून आणि सिन्नरकडून एकाच आठवड्यात दोन प्रश्न आलेत, दुखणं एकच. मळ्यातल्या घरच्या विहिरीचं पाणी पहिल्या पावसानंतर गढूळ, टाकीच्या तळाला बोटभर गाळ, दुकानदार म्हणतो विहिरीत तुरटी आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका नाहीतर आरओ बसवा. सिन्नरच्या भाऊंना तर आत्ताच दोन मोटरी लावून विहीर उपसून गाळ काढायचाय.

आत्ता विहीर उपसू नका. पावसात बांधकामामागची माती पाण्यानं फुगलेली असते, आतून पाण्याचा टेका असतो म्हणून कडा उभी राहते. तो टेका दोन तासात काढून घेतला की बांधकाम आत येतं, आणि खाली माणसं असली तर पुढचं बोलायलाच नको. गाळ काढायचा मे महिन्यात, यारी (विहिरीतून गाळ वर ओढणारी क्रेन) लावून. तेव्हासुद्धा डिझेल इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, धूर वर निघत नाही आणि खालचा माणूस न ओरडता बेशुद्ध पडतो.

आता गाळ येतो कुठून ते बघा. काचेच्या बाटलीत पाणी भरून ठेवा. पाच मिनिटात खाली रेती-मुरूम बसला तर मोटर तळाला टेकलीय. पाइपच्या खालच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह (आपल्याकडं सगळे फुटबॉलच म्हणतात) नाहीतर पाणबुडी मोटर तळापासून तीन-चार फूट वर घ्या, निम्म्या लोकांचं काम इथंच संपतं, खर्च एका दोराचा. रात्रभर ठेवूनही पाणी चहासारखंच राहिलं तर ती चिकणमाती, म्हणजे शेतातलं पाणी वरून विहिरीत उतरतंय. त्याच्याबरोबर शेण, युरिया, बागेवरचे फवारेपण उतरतायत. आणि भरताना स्वच्छ, तासाभरानं तांबूस झालं तर ते लोह, गाळ नाही, त्याचा इलाज वेगळा.

वरून येणारं पाणी अडवायला कठडा अडीच-तीन फूट, भोवती बाहेरच्या उताराचा ओटा, त्याच्या पलीकडं चर, आणि वरच्या आठ-दहा फुटातले सांधे सिमेंटनं बुजवा. खालचे झरे बुजवू नका, हेही मी पाहिलंय म्हणून सांगतोय.

तुरटी विहिरीत टाकायची नाही. दुकानदार किलोकिलोनं सांगतो कारण तो किलोनं विकतो. तुरटी टाकीत, हजार लिटरला 30-40 ग्रॅमपासून सुरुवात, पाण्यात विरघळवून नीट ढवळायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. जास्त टाकली म्हणून जास्त निवळत नाही, पाणी आंबट-तुरट होतं, पीएच घसरतो, लोखंडी पाइप खातो. माझं म्हणणं सरळ आहे, दोन टाक्या ठेवा, एकीत निवळू द्या, दुसरीतून वापरा, पहिलीचा कॉक तळापासून अर्धा फूट वर. आरओच्या पैशात अशा दोन टाक्या होऊन पैसे उरतात.

टीसीएलचं पण तेच, गढूळ पाण्यात टाकलं तर क्लोरीन गाळच खातो, जंतू तसेच. आधी निवळ, मग टीसीएल, हा क्रम उलटा करू नका. चांगल्या पावडरीचा हिशोब हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहीर निवळली की तिलाही हाच हिशोब, चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी म्हणजे साधारण 37-38 हजार लिटर, त्याला 95 ग्रॅम पुरतं, दुकानदार अख्खी पिशवी देतो! बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळीच विहिरीत सोडा, संध्याकाळी, आणि सकाळी वापरा. उघडी पडलेली जुनी पावडर मेलेली असते, म्हणून डोस दुप्पट करू नका, नवी आणा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्या, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते त्यात कळतं.

ड्रिपचा 120 मेशचा फिल्टर घराच्या लाइनला लावू का, असंही विचारलंय. रेती अडेल, चिकणमाती नाही, तो 130 मायक्रॉनचा आणि चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनच्याही खालचा. आरओ क्षारांसाठी असतो, गाळावर लावला की मेम्ब्रेन लगेच चोंदतं आणि सर्व्हिसवाला दर दोन महिन्यांनी घरी येतो.

अनुदानाचं म्हणाल तर जुनी विहीर दुरुस्ती बिरसा मुंडा कृषी क्रांती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत बसते, अनुक्रमे अनुसूचित जमाती आणि जातीच्या शेतकऱ्यांना, शेतीच्या विहिरीसाठी, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, बाकी ऑफिसला या.

पाणी एकदा तपासून घ्याच, टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्रेट 45 च्या आत हवं. आणि नमुना टीसीएल टाकायच्या आधी भरा, नंतर भरला तर जंतूंचा रिपोर्ट चांगलाच येणार.