झोपेत स्वतःचंच शरीर वरून दिसलं, हा आत्मा बाहेर पडण्याचा प्रकार आहे का?

अनुभव खरा असतो, आधी हे मान्य करू. तुम्हाला भास झाला म्हणजे डोकं फिरलं असं मुळीच नाही. प्रश्न एवढाच, की खरंच काही बाहेर पडलं का?

‘मी या शरीरात आहे’ ही जाणीव आपल्याला आयती मिळत नाही. डोळे, स्पर्श, स्नायू आणि आतल्या कानातली तोलाची यंत्रणा यांच्याकडून आलेली माहिती जुळवून मेंदू ती क्षणोक्षणी तयार करतो. कानशिलाच्या मागे-वर असलेला मेंदूचा भाग यात महत्त्वाचा. २००२ साली मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत उजवीकडे याच भागाला सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा आपण वर तरंगत असून पलंगावरचं आपलं शरीर दिसतंय, असं तिने सांगितलं. २००७ मध्ये तर निरोगी माणसांनाही फक्त कॅमेरा, डोळ्यांसमोर बसवलेला छोटा स्क्रीन आणि पाठीवरचा किंवा छातीवरचा स्पर्श यांच्या जोरावर असाच काहीसा भास घडवता आला. (मला हे जास्त थक्क करणारं वाटतं.)

झोपेत हे घडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे निद्रा पक्षाघात: जाग आलेली असते, अंग मात्र हलत नाही आणि स्वप्न चालूच राहतं. केटामाइन या भुलीच्या औषधानेही असं होऊ शकतं.

मरणाच्या दारातून परतलेल्यांचे अनुभव यापेक्षा गुंतागुंतीचे आहेत. पण शरीराबाहेरून काही पाहिल्याचा निर्विवाद पुरावा अजून नाही.

वारंवार होत असेल, सोबत झटके किंवा शुद्ध हरपणं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.