मॅगी वॉकरवर लिहिताय? आधी फोटो तपासा

ताई, पतसंस्थेच्या महिला दिन अंकासाठी अमेरिकेत बँक काढणाऱ्या मॅगी लीना वॉकरवर लेख लिहायचाय, पण दोन ठिकाणी दोन जन्मसालं सापडतात आणि फोटोही वेगवेगळ्या बायकांचे वाटतात, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळाच आला. नेमकी इथेच मी घसरले होते.

आमच्या पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत तिच्यावर माझी दोन पानं होती. मजकूर महिनाभर खपून लिहिला, फोटो मात्र शेवटच्या रात्री घाईत उचलला, आणि तो निघाला मॅडम सी. जे. वॉकर यांचा. दोघी वॉकर, दोघी कृष्णवर्णीय उद्योजिका, दोघींच्या गोष्टीत लोकांचे कपडे धुण्याचं काम. त्यात मॅगीचं जन्मसाल बरेच जण १८६७ देतात, आणि मॅडम वॉकर यांचंही तेच. पण मॅडम वॉकर केसांच्या प्रसाधनांच्या धंद्यातल्या, १९१९ साली वारल्या. मॅगी व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरातली, बँकवाली, १९३४ पर्यंत होती.

६०० प्रती छापून झालेल्या. कार्यक्रमात एका सभासदाच्या मुलीनं मला बाजूला नेऊन हळूच सांगितलं. उरलेल्या प्रतींवर आम्ही तिघींनी दोन संध्याकाळी बसून खळीनं बरोबर फोटो चिकटवला. वाटून झालेल्या प्रती गेल्या त्या गेल्याच. जिच्यावर भरभरून लिहिलं तिचाच चेहरा चुकवला, हे मला अजून लागतं.

जन्मसाल १८६४ घ्या. रिचमंडच्या जॅक्सन वॉर्ड वस्तीतलं तिचं घर सांभाळणारी अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा तेच धरते. फोटोही शक्यतो त्यांच्याकडचाच बघा.

आता माझं मत. मी इतिहासाची अभ्यासक नाही, पतसंस्थेत वर्षानुवर्षं ठेवी गोळा केलेली बाई आहे, तेव्हा पटलं तर घ्या. ‘पहिली कृष्णवर्णीय महिला बँक अध्यक्ष’ एवढ्यावर लेख उरकू नका. १८९९ साली इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूकचा कारभार तिच्या हाती आला, तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि देणं ४०० डॉलरचं. आजारपणात आणि मर्तिकाला सभासदांच्या मदतीला येणारी ही संस्था. तिला भिशी म्हणू नका, बचत गटही म्हणू नका, दोन्ही चुकतं. ‘परस्पर साहाय्य मंडळ’ चालेल. तिथून चार वर्षांत, २ नोव्हेंबर १९०३ ला, सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली. पेनी म्हणजे एक सेंट! पहिल्याच दिवशी नऊ हजार डॉलरच्या वर रक्कम जमली, आणि त्यात कुणी एकानं ३१ सेंटनं खातं उघडलं होतं. दहा-दहा रुपयांचं कलेक्शन केलेल्या बाईला हे ३१ सेंट काय असतात ते वेगळं सांगावं लागत नाही. लेखाची सुरुवात तिथून करा.

तिचं दुकानही सोडू नका. १९०५ साली ब्रॉड स्ट्रीटवर काढलेलं सेंट ल्यूक एम्पोरियम गोऱ्या व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे काही वर्षांतच बंद पडलं. आपल्याकडे सत्काराच्या लेखांतून असं अपयश गाळतात, मला ते मुळीच आवडत नाही. बँक मात्र टिकली. १९३० च्या सुमारास, मंदीत, तिनं ती शहरातल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय बँकांबरोबर विलीन केली, म्हणून वाचली. विलीनीकरणाच्या नावानं घाबरणाऱ्या आपल्या संचालकांना हा परिच्छेद जरूर वाचायला द्या.

१९१५ साली मुलाच्या हातून चोर समजून तिच्या नवऱ्याला गोळी लागली, त्यात ते गेले. हे एका वाक्यात सांगा, मसाला लावू नका. पुढे ती चाकाच्या खुर्चीला खिळली, घरात लिफ्ट बसवून घेतली आणि काम चालू ठेवलं.

छापखान्यात देण्याआधी फोटोचं पान मला पाठवा. त्याच दिवशी बघून कळवते.