दोन मळणी यंत्रं, सहा बनिमी आणि फोनवर फोन

प्रश्न : माझी दोन मळणी यंत्रं हायत, औशाकडं सोयाबीन काढून देतो. एका दिवसाला सहा बनिमी (कापून रचलेल्या सोयाबीनच्या गंजी) लागल्यात, अंदाजे १, २, ३, ४, ६ आणि ८ तासाच्या. मोठं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मी मोठ्या बनिमी आधी घेतो, पण बारके शेतकरी फोन करून करून जीव खायलेत. नंबर कसा लावावा?
– एक वाचक, औसा

उत्तर : भाऊ, त्यांचं चुकत नाही. मोठ्यापासून लावलं तर लोक ६, ८, १०, ११, १२, १२ तासांनी मोकळे होतात, बेरीज ५९, म्हणजे माणशी जवळपास पावणेदहा तास. आणि तासाभराची बनीम असलेला गडी ११ तास आभाळाकडं बघत बसतो, मग फोन करणारच की.

आता उलटं करा. एका यंत्रावर १, ३, ८ आणि दुसऱ्यावर २, ४, ६, याच क्रमाने. पहिल्यावरचे १, ४, १२ तासांनी सुटतात, दुसऱ्यावरचे २, ६, १२ ला. बेरीज ३७, माणशी सहा तास दहा मिनिटं, आणि यंत्रं दोन्हीकडं १२ तासांनीच थांबतात, म्हणजे तुमचं डिझेल-मजुरीचं काहीच वाढलं नाही. कारण सोपं आहे, यंत्रावर पहिल्या बनिमीचे तास तिघांच्या वाट्याला येतात, शेवटचीचे फक्त तिच्या मालकाच्या, म्हणून लांबडं काम शेवटी. फक्त जोड्या बघून लावा हं, १, ३, ६ आणि २, ४, ८ असं लावलं असतं तरी बेरीज ३७च, पण दुसरं यंत्र १४ तास चाललं असतं. दरवेळी दोन्ही गोष्टी अशा जमतीलच असं नाही.

पाऊस आला तर? १९५६ साली स्मिथ नावाच्या माणसाने नियम मांडला, तास भागिले निकड, उत्तर लहान त्याचा नंबर आधी. एका यंत्राला तो पक्का, दोन यंत्रांवर बरोबरच्या जवळपास नेतो. पाणथळ रानातली ४ तासांची बनीम, बाकीच्यांची निकड १ आणि हिची चौपट, म्हणजे ४ धरली की हिशोब १ येतो, ती थेट तासवाल्याच्या रांगेत.

आठ तासवाल्याला मात्र आदल्या रात्रीच फोन लावा, यंत्र सुरू झाल्यावर चार तासांनी तुमच्याकडं येतंय, मग संध्याकाळपर्यंत हलत नाही म्हणावं.