वाचकांचे प्रश्न: सेव्हन-झिप उघडलं आणि फाइलींचा मालकच बदलला

प्रश्न: आमच्या पतसंस्थेची छोटी वेबसाइट जुन्या उबुंटू (लिनक्स) मशीनवरून नव्यावर न्यायची होती, साइज कमी होते म्हणून आख्खं फोल्डर सेव्हन-झिप केलं, पेनड्राइव्हवरून आणून उघडलं. फाइली सगळ्या आल्या, पण प्रत्येकीचा ओनर मीच. साइट दिसते, फोटो मात्र अपलोड होत नाहीत. एकाने सांगितलं, ७७७ परमिशन मार. मारू का? (एक वाचक, मिरज)

उत्तर: नका हो मारू! ७७७ म्हणजे त्या मशीनवरच्या कुणीही या, वाचा, लिहा, चालवा. आणि साइट पतसंस्थेची.

सेव्हन-झिप फाइलीचा ओनर आणि ग्रुप साठवतच नाही, म्हणून उघडल्यावर सगळं तुमच्या नावावर झालं, आणि वेबसर्व्हर ज्या युजरच्या नावाने चालतो त्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला फोटोच्या फोल्डरमध्ये लिहिता येईना. लिनक्सवरच्या त्याच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की याच कारणाने बॅकअपला हे वापरू नका, पण मॅन्युअल कोण वाचतं, मीपण तोंडावर आपटल्यावरच वाचलं. त्याऐवजी टार वापरा. फाइली एकत्र बांधणारं हे लिनक्सचं टूल मुळात टेपवर बॅकअप घ्यायला बनलेलं, त्यामुळे ते प्रत्येक फाइलीसोबत ओनरचं नाव, त्याचा नंबर, ग्रुप, परमिशन सगळं लिहून ठेवतं. साइज कमी करणं हे त्याचं काम नाही, त्यासाठी सोबत एक्सझेड हे कॉम्प्रेशन लावा, आतलं तंत्र सेव्हन-झिपच्याच घरातलं आहे, साइजमध्ये फार फरक पडणार नाही.

पॅक करताना सुडो लावा (म्हणजे कमांड अॅडमिनच्या हक्काने चालवा), नाहीतर तुम्हाला वाचता न येणाऱ्या फाइली मागेच राहतात. पण खरी गोची उघडताना होते. साध्या युजरला फाइल दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही, मग टार गुपचूप सगळं तुमच्या नावावर करतं, वर युमास्कची, म्हणजे नव्या फाइलींचे ठरावीक हक्क काढून घेणाऱ्या सेटिंगची, कात्री चालते ती वेगळीच, म्हणजे ६६४ ची फाइल युमास्क ०२२ असेल तर ६४४ होऊन बाहेर येते आणि ग्रुपचा लिहायचा हक्क गेला. टारला पी ऑप्शन दिला तर परमिशन वाचतात, ओनरसाठी मात्र सुडोच लागतं, आणि सुडो असलं की पी आपोआप लागू होतो.

अजून एक. टार आधी ओनरचं नाव शोधतं, ते सापडलं नाही तरच नंबर वापरतं. तुमच्याकडे दोन्हीकडे उबुंटू, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचा नंबर दोन्हीकडे ३३, काळजी नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरूनच मशीन सुरू करता येतं) आख्खी सिस्टिम परत टाकत असाल तर मात्र न्यूमेरिक-ओनर ऑप्शन द्या, नाहीतर नंबर लाइव्ह सिस्टिमचे लागतात.

पेनड्राइव्ह एक्सफॅट, म्हणजे ओनर न साठवणाऱ्या फॉरमॅटचा, असला तरी चालेल, ओनर टारच्या पोटात सुरक्षित असतात, फक्त तिथल्या तिथे उघडू नका. उघडायच्या आधी टारला टी आणि व्ही ऑप्शन लावून आतल्या फाइलींची यादी बघा, दुसऱ्या कॉलममध्ये ओनर आणि ग्रुप दिसायला हवेत.

जुनं मशीन अजून पुसलं नसेल तर सरळ टारने पहिल्यापासून करा. पुसलं असेल तर फक्त अपलोडचं फोल्डर चाऊन या ओनर बदलायच्या कमांडने डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर करा, बाकी साइट तुमच्याच नावावर राहू द्या.