मरिनात (बोटी बांधून ठेवायच्या बंदरात) शिडाच्या बोटीवर राहताना दुरुस्ती नेमकी कशाची करावी लागते?

शिडांची सगळ्यात कमी! बोट बहुतेक वेळ बांधलेलीच, त्यामुळे खरा त्रास होतो तो पाणी आणि विजेपायी.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळा काढायचा तर पहिला शत्रू ओल. श्वास, स्वयंपाक, ओले कपडे, सगळ्याची वाफ थंड भिंतींवर पाणी होऊन बसते आणि गादीखाली बुरशी धरते. गादीखाली हवा खेळेल अशा पट्ट्या टाका, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) चालू ठेवा.

दुसरी भानगड दिसत नाही. धक्क्यावरून वीज घेतली की अर्थिंगच्या तारेतून तुमची बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते आणि खाऱ्या पाण्यात सगळ्यांची मिळून एक बॅटरीच तयार होते. त्यात बोटीचे धातूचे भाग झिजतात. प्रोपेलर वाचावा म्हणून लावलेला जस्ताचा ॲनोड (मुद्दाम झिजू द्यायचा तुकडा) आधी झिजतो. तो निम्मा संपला की बदला. गॅल्व्हानिक आयसोलेटर (अर्थिंगच्या तारेतला हा प्रवाह अडवणारं उपकरण) बसवलात तर जास्त टिकेल. (गोड्या पाण्यात जस्त फारसं कामाचं नाही, तिथे मॅग्नेशियम लावतात.)

संडासाच्या नळीत क्षार साचतात, अधूनमधून व्हिनेगर सोडा. ती नळी काढून साफ करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. आणि हो, सी-कॉक (बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर सोडणारी झडप) अधूनमधून उघडबंद करत राहा. जाम झालेला सी-कॉक नळी फुटली की बंदच होत नाही.