झोपेची वेळ आधी लिही

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली वहीची पाने पोहोचली. बारावी आणि नीट यांची तयारी एकाच वर्षात करायची असल्याने रोज चार-साडेचार तासांच्या झोपेवर भागवता येईल का, असे तू विचारले आहेस, आणि वसतिगृहातल्या एका ताईने ते करून दाखवले असा दाखलाही दिला आहेस. माझे उत्तर स्पष्ट आहे: भागणार नाही, आणि तू तसा प्रयत्नही करू नयेस. मात्र तू जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहेस, तेव्हा कारणे समजून घेण्याचा तुला हक्क आहे.

सकाळच्या साडेसहाच्या बॅचला डोळे उघडत नाहीत, म्हणून तू स्वतःला आळशी ठरवले आहेस. ते आधी मनातून काढून टाक. वयात येताना मेंदूतले दैनंदिन घड्याळ पुढे सरकते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक लहान मुलांच्या आणि प्रौढांच्या तुलनेत या वयात रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे अकराच्या आत झोप येत नाही आणि पहाटे पाचला शरीराच्या हिशेबाने अजून रात्रच असते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील मेरी कार्सकाडन यांनी किशोरवयीन मुलांच्या झोपेचा अनेक वर्षे अभ्यास करून हे दाखवून दिले आहे. झोपेची गरज मात्र या वयात कमी होत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. उशिरा येणारी झोप आणि लवकर भरणारा क्लास या दोहोंच्या कात्रीत तू सापडली आहेस; तुझ्या स्वभावात काही खोट नाही.

आता तुझी वही. श्वसनाच्या प्रकरणातली पहिली चार पाने अतिशय नेटकी आहेत. पाचव्या पानावर, जिथे तू समासात रात्री दीडची वेळ लिहिली आहेस, तिथून अक्षर रेघ सोडून खाली उतरू लागते, क्रेब्ज चक्रातली एकच पायरी दोनदा लिहिली जाते आणि त्यानंतरची पायरी अजिबात येत नाही. त्या वेळी तू जागी होतीस, पण अभ्यास होत नव्हता. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे झोप आणणारे रसायन साठत जाते आणि झोपेचा दाब वाढतो. कॉफीतले कॅफिन त्याची जागा अडवून धरते, पण अ‍ॅडेनोसिनला नाहीसे करत नाही. शिवाय निम्मे कॅफिन शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकराला घेतलेल्या कॉफीचा अर्धा भाग पहाटे चारला तुझ्या रक्तात असतो आणि जी थोडी झोप मिळते तीही उथळ करतो.

दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झोपेत चालते. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरते नोंदले गेलेले गाढ झोपेत पुन्हा जागवले जाते आणि हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे बाह्यकात, स्थिरावते. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते, तर स्वप्नांची झोप उत्तरार्धात, पहाटेकडे लांबत जाते. दीडला झोपून साडेपाचला उठणारा मुख्यतः ही पहाटेची झोप गमावतो. भावनांचा तोल सांभाळण्याशी तिचा जवळचा संबंध आहे. आईवर विनाकारण चिडते आणि मग रडू येते, असे तू पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहेस. मला ती ओळ सबंध पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटली.

‘मला सवय झाली आहे’ या तुझ्या म्हणण्याबद्दलही लिहायला हवे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला एक प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी प्रौढांना सलग चौदा दिवस चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले गेले. सहा तास झोपणाऱ्यांचे लक्ष आणि स्मरण दिवसेंदिवस घसरत गेले, आणि अखेरीस ते अख्खी रात्र जागलेल्या माणसाच्या पातळीला आले. तरीही आपण फारसे थकलेलो नाही, असेच ते सांगत राहिले. सवय होते ती थकव्याची. मेंदूची कामगिरी सावरत नाही. वसतिगृहातल्या त्या ताईला यश मिळाले असेल, पण ते कमी झोपेमुळे मिळाले असे त्यावरून ठरत नाही.

नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न असतात. ‘चुकीचे विधान कोणते’ असे विचारले असताना बरोबर विधानावर खूण केल्याची चार उदाहरणे तू स्वतःच रविवारच्या सराव चाचणीतून मला कळवली आहेस. दर चुकीमागे मिळणारे चार गुण गेले आणि वर एक कापला गेला, म्हणजे येत असलेल्या उत्तरांवर वीस गुणांचे नुकसान झाले. ते भरून काढायला आणखी जागणे हा उपाय होऊ शकत नाही.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात 2016 साली माध्यमिक शाळांची वेळ 7.50 वरून 8.45 करण्यात आली, तेव्हा मुले जास्त वेळ जागत बसली नाहीत. त्यांची झोप सरासरी 34 मिनिटांनी वाढली. आपल्याकडे राज्य शासनाने 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता, पण ज्या वयात घड्याळ खरोखर पुढे सरकते, ते वय त्यातून बाहेर राहिले याची मला खंत वाटते. क्लासचालकांनी तरी याचा विचार करायला हवा.

तोवर तुझ्या हातात जे आहे ते कर. नऊची बॅच मिळत असेल तर ती घे, मैत्रिणी साडेसहाच्या बॅचला असल्या तरी. वेळापत्रक करताना झोपेची वेळ आधी लिही आणि विषय उरलेल्या तासांत बसव. उठण्याची वेळ रोज एकच ठेव, रविवारी फार तर तासभर उशीर चालेल; अकरापर्यंत झोपलीस तर सोमवारी घड्याळ आणखी पुढे गेलेले असेल. उठल्यावर गच्चीवर जाऊन पंधरा-वीस मिनिटे उजेडात बस, कारण सकाळचा प्रकाशच हे घड्याळ मागे आणतो. दुपारनंतर कॉफी नको. रात्री दहाला फोन खोलीबाहेर चार्जिंगला लाव आणि साडेदहाला दिवा बंद कर. बॅच बदलता आली नाही, तर रात्रीचे सात तास आणि दुपारी जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी एवढे तरी सोडू नकोस. ते पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही, पण आजच्यापेक्षा पुष्कळ बरे आहे. नीटची परीक्षा दुपारी दोनला सुरू होते, त्यामुळे शेवटच्या महिन्यात ही डुलकी बंद करून त्याच वेळेत सराव चाचण्या दे.

हे सगळे करूनही दोन आठवड्यांत झोप लागली नाही, किंवा मन सतत उदास राहिले, तर ते लपवू नकोस. डॉक्टरांना भेट. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

बॅच बदलायला बाबांची परवानगी लागेल असे तू लिहिले आहेस. हे पत्र त्यांना वाचायला दे आणि रोज रात्री साडेदहाला येणारा त्यांचा फोन साडेआठला, तुझ्या जेवणाच्या वेळी, करावा अशी माझी विनंतीही कळव.

तुझा,
सर